मामाजीच्या पंपाचा स्क्रू

लीलाबाईच्या कुरड्या काळ्या झाल्या, त्यात माहा दोष नव्हता. दोष वाऱ्याचा होता. एप्रिल महिन्यात अमरावतीचा वारा कुठून कुठं जाईन हे वेधशाळेले सांगता येत नाही, तं मले कुठून सांगता येईन? मी फक्त जीप चालू केली. जीपनं रोज करते तेच केलं. एक डाव खोकलली, थरथरली, अन्‌ मांगून असा काळा लोट सोडला की गल्लीतले कुत्रे सवयीनं उठून बाजूच्या गल्लीत जाऊन बसले. तो लोट कंपाउंडच्या भिंतीवर चढला, पलीकडं लीलाबाईच्या आंगणात उतरला, अन्‌ तिथं खाटेवर पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या पांढऱ्याफेक कुरड्यायवर आरामात बसला. पाहुणा बसते तसा. उठाचं नावच नाही.

लीलाबाई आमची शेजारीण. भिंतीले भिंत. तिनं गहू भिजवले, आंबवले, वाटले, चीक काढला, शिजवला, अन्‌ सोऱ्यातून पिळून त्या कुरड्या घातल्या होत्या. पुण्याच्या लेकीसाठी, आचलसाठी. आता मी पडलो विमा एजंट. तुमी एक दिवस मरणार हाय, हे मी लोकायले रोज हसतहसत पटवून देतो. कुरड्या काय चीज हाये?

भिंतीवरून मान काढून म्हणलं, "काकू, नाचणीच्या म्हणून पाठवून द्या. पुण्याचे लोक नाचणी म्हणलं की डोये मिटून खातात."

लीलाबाईनं समद्या कुरड्या टोपलीत भरल्या, आमच्या ओट्यावर आणून आदळल्या, अन्‌ म्हणाली, "घे गोपाल्या. तूच खाय. उरल्या तं जीपले चार."

संध्याकाळी गल्लीतली मंडळी लिंबाखाली जमली. अजेंड्यावर एकच विषय, मी. सुगत सर सगळ्यात आधी उठले. ते हायस्कूलले विज्ञान शिकवतात, अन्‌ शाळा सुटली तरी थांबत नाहीत.

"गोपालभाऊ, धूर काळा दिसते म्हणजे डिझेल पुरं जळून नाही राह्यलं. ही काजळी. तिचे कण इतके बारीक राहतात, इतके बारीक राहतात, की..."

"की कुरडीच्या जाळीतून आरपार जातात," मी म्हणलं.

कोणी हसलं नाही. आमच्या गल्लीत विनोदाचं हे असंच हाल हाये.

निकाल लीलाबाईनं दिला. "अखजीपर्यंत टाइम. धूर बंद झाला तं जीप राहीन. नाही झाला तं भंगारवाल्याले मी स्वतः बोलावून आणीन. अन्‌ मंग दुसऱ्या घाण्याच्या कुरड्या हा गोपाल्या पिळीन. माह्या आंगणात, सोऱ्या घेऊन, समद्या गल्लीसमोर."

टाळ्या पडल्या. सर्वात जोरात टाळ्या माह्या घरातून ऐकू आल्या.

घरात गेलो तं चंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, भाकरी थापून राह्यली होती. थापताना जरा जास्तच आवाज येत होता.

"ऐका," ती म्हणाली. "ती जीप माह्या बाबाची हाये. भंगारात गेली तं मी अकोल्याले जाईन. अन्‌ धूर बंद नाही झाला तरी अकोल्याले जाईन."

"म्हणजे जाणार तं अकोल्यालेच?"

"हो. पण जीपमधून नेलं तं अखजी झाल्यावर वापस येईन."

घ्या. अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, दरसाल लेक माहेरी जाते, अन्‌ आमच्या घरची लेक जीपनंच जाते. अकोल्याले माहे सासरे खुशालराव, म्हणजे आमचे मामाजी, ओट्यावर खुर्ची टाकून जीपच्या आवाजाची वाट पाहत बसतात. दर रविवारी त्यायचा फोन येते. पहिला प्रश्न, "जीप बरी हाये?" त्याचं उत्तर नीट भेटलं तरच दुसरा, "चंदी बरी हाये?" एका रविवारी मी म्हणलो की जीपचं टायर पंक्चर हाये, तं त्या हप्त्यात चंदा जिवंत हाये का नाही हे त्यायनं विचारलंच नाही.

आता तुमी म्हणसान, अरे भैताडा, मेकॅनिकले दाखव. तुमाले काय वाटते, मले सुचलं नाही? पण मामाजीनं जीप देतानाची गोष्ट तुमाले माहीत नाही. किल्ली माह्या हातात ठेवली, डोक्यावर हात ठेवला, मंग बॉनेट उघडून डिझेल पंपावरचा एक स्क्रू दाखवला. "जवाईबापू, बाकी जीप तुमची. हा स्क्रू माहा. याले हात लावाचा नाही." कपाशीच्या गाठोड्यायनं भरलेली ट्रॉली चढावर वढता यावी म्हणून त्यायनं तो आपल्या हातानं फिरवून ठेवला होता, अन्‌ त्या भागात त्यायच्या जीपच्या पुढं कोणाची जीप जात नव्हती. दर दसऱ्याले त्या स्क्रूले हळद-कुंकू अन्‌ लाल नाडा. दरसाल एक नाडा वाढते. आता स्क्रू दिसत नाही, छोटासा मारुती दिसते.

तरी आपण शिस्तीचे माणूस. पहिले गेलो पीयूसी काढाले. बडनेरा रोडले एक व्हॅन उभी राहते, त्यात सागर नावाचा पोरगा मशीन घेऊन बसते. त्यानं नळी सायलेन्सरात खुपसली अन्‌ म्हणाला, "काका, रेस द्या." मी दिली. मी कधी कोणाले नाही म्हणत नाही. थोड्या वेळानं व्हॅनमधून सागर बाहेर आला. आत जाताना त्याले मिशी नव्हती, आता होती. मशीननं आकडा दाखवाच्या ऐवजी बंद पडणं पसंत केलं होतं.

"काका," तो खोकत म्हणाला, "हे तपासणी केंद्र हाये, मोक्षधाम नाही."

मंग गेलो परतवाड्याले. जुन्या जीपचा डॉक्टर पायजे तं परतवाडाच. तिथं अर्ध्या मेळघाटाच्या सवारी जीपा दुरुस्त होतात. प्रीतम मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, नाकानं वास घेतला अन्‌ म्हणाला, "पंप डिझेल जास्त फेकून राह्यला. हवा पुरत नाही. हा नाडा काढतो, स्क्रू अर्धा फेरा मांगं घेतो, चहा येईपर्यंत काम खतम."

त्यानं हात घातला अन्‌ मी त्याच्या हातावर झडप घातली.

"काय झालं?"

"तो सासऱ्याचा स्क्रू हाये."

प्रीतमनं पान्हा खाली ठेवला. त्यालेही सासरा होता. त्यानं चहा पाजला अन्‌ माह्या पाठीवर हात ठेवला.

परतवाड्याहून वापस आलो तं सल्ल्यायचा पाऊस. एक जण म्हणे टाकीत खोबरेल तेल घाला. घातलं. जीपचा धूर तसाच, पण केसाले तेल चोपडल्यासारखा वास. दुसरा म्हणे हायवेले दणकून पळवा, कार्बन झडून जाते. पळवली. कार्बन झडला, खरं हाये, पण तो मांगं चाललेल्या वरातीवर झडला. नवरदेवाचा घोडा पांढरा होता. म्हणजे, आधी होता. चंदाची मावशी फोनवर म्हणे लिंबू-मिरची बांधा. बांधली. दुसऱ्या दिवशी लिंबूही काळं.

तेव्हा मले वाटलं, मामाजीकडूनच परवानगी काढावी. पण जवायानं सासऱ्याले स्क्रूबद्दल विचारणं म्हणजे... नाही, ते आपल्याच्यानं होणार नव्हतं. मंग मी मले जमते ते केलं. चंदा बाजारात गेली तशी नवीन सिमवरून मामाजीले फोन लावला, नाक चिमटीत दाबून आवाज बदलवला, अन्‌ टीव्हीवरच्या बातम्यासारखं पुणेरी मराठी काढलं.

"नमस्कार. मी परिवहन विभागातून बोलतो आहे. आपल्या वाहनाच्या पंपावरील स्क्रू शासनाच्या निदर्शनास आला आहे."

"कोणाच्या?"

"शासनाच्या."

मी तसंच पुढं रेटलं.

"त्यातून काजळीचे उत्सर्जन होत आहे. सदर स्क्रू अर्धा फेरा मागे घेण्याची परवानगी आपण आपल्या जावयास तात्काळ द्यावी."

"साहेब, नाव काय तुमचं?"

"नाव गोपनीय आहे."

नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून लीलाबाई कडाडली, "ए गोपाल्या! काळतोंड्या! माही टोपली वापस दे नाही तं घरात घुसून नेईन!" मी फोनवर हात दाबला. पण जरा उशिरा दाबला असं मले नंतर वाटलं.

मामाजी म्हणाले, "बरं साहेब. पाहतो."

मी खुश. दोन दिवस परवानगीच्या फोनची वाट पाहली. फोन आला नाही. अखजी तं डोक्यावर आली.

तेव्हा देवदूतासारखा नितेश आला. नितेश आमचा कूलरवाला. आता वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाले कूलरचं महत्त्व सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात आमाले देव दोन, एक गाभाऱ्यात अन्‌ एक खिडकीत. नितेश माह्या कूलरच्या ताट्या, म्हणजे वाळ्याचे पडदे, बदलाले आला होता. जुन्या ताटीवर बोटभर धूळ जमली होती. ती झटकता झटकता तो सहज बोलला, "पाहा भाऊ, ओली ताटी धूळ कशी धरते."

माह्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली.

"नितेश, ताटी धूळ धरते, तं धूर काहून नाही धरणार?"

नितेशनं मले पाहलं. मी नितेशले पाहलं. दोघायच्याही डोयात पाणी आलं. शास्त्रज्ञायचं असंच होत असन.

कामाले लागलो. जुन्या कूलरचा पत्र्याचा खोका जीपच्या मांगं बांधला. सायलेन्सरातून पत्र्याचं नळकांडं काढून खोक्यात घातलं. आत वाळ्याच्या ताट्या, एकामांगं एक, चांगल्या ठासून. वर भोकं पाडलेला पाण्याचा डबा, त्यातून ताट्यायवर थेंब थेंब पाणी. मांगून पाहलं तं जीप दिसतच नव्हती, कूलर चालत चालला असं वाटे. नंबर प्लेटही झाकली गेली, तं ती मी कूलरच्या डोक्यावर सुतळीनं बांधली. सुगत सर येऊन दोन चकरा मारून गेले. म्हणाले, "गोपालभाऊ, धुराले बाहेर निघाले जागा लागते. तुमी ताट्या लय ठासल्या."

"सर," मी म्हणलं, "तुमी शाळेत काचेच्या नळीत प्रयोग करता. हा पत्रा हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सार्वजनिक प्रयोग ठेवला. गल्ली झाडून सारी हजर. लीलाबाई कमरेवर हात ठेवून भिंतीपाशी. दुसऱ्या घाण्याचे गहू तिनं भिजत घातलेच होते. माह्यावर भरोसा ठेवून नाही, माह्या हारण्यावर भरोसा ठेवून.

मी नारळ फोडला, जीपमध्ये बसलो, किल्ली फिरवली. जीप खोकलली. सुगत सरनं कूलरच्या तोंडापुढं पांढरा रुमाल धरला. सारे श्वास रोखून. ही सवय होतीच त्यायले.

"पांढरा!" सर वरडले. "रुमाल पांढराच हाये!"

अन्‌ वास! काय सांगू बाप्पा. डिझेलचा नाही, खोबरेलचा नाही, थंडगार वाळ्याचा वास. गल्लीभर. टाळ्यायचा कडकडाट. नितेशनं मले मिठी मारली. चंदाच्या तोंडावर लग्नाच्या दिवशी नव्हतं तेवढं कौतुक होतं. कुत्रे वापस आले.

"थांबा," लीलाबाई म्हणाली. "उभी म्हैसही शांतच राहते. जरा रेस दे की."

इथं मी उतराले पायजे होतं. माणसानं जिंकल्यावर उतरावं. पण माही छाती अशी फुगली होती की स्टेअरिंगले लागत होती. मी पाय दाबला. इंजिन गुरगुरलं. "अजून दे!" लीलाबाई. मी अजून दाबला. आरशात मले फक्त कूलर दिसत होता. त्या कूलरच्या मांगं एक ऑटो येऊन थांबला, त्यातून एक माणूस पिशवी घेऊन उतरला, अन्‌ ही काय भानगड हाये म्हणून कूलरच्या तोंडापाशी वाकला, हे मले कसं दिसन? मी पुढं बसलो होतो.

ढप्प!

ताट्या निघाल्या. पाणी निघालं. अन्‌ ताट्यायनं सकाळपासून इमानदारीनं धरून ठेवलेली सारी काजळी, दौतीतल्या शाईसारखी, एका दमात निघाली. सुगत सर बाजूले झाले. विज्ञान शिकल्याचा एवढा तं फायदा होतेच.

मी उतरून मांगं गेलो. तिथं एक काळा माणूस उभा होता. टोपी काळी, सदरा काळा, धोतर काळं, मिशीत वाळ्याची एक काडी. फक्त डोये पांढरे, अन्‌ ते माह्यावर रोखलेले.

"बाबा!" चंदा किंचाळली.

मले पहिले वाटलं, कोणाचा तरी बाबा असन. मंग आवाज आला.

"जवाईबापू. जीप बरी हाये?"

सांगतो, मी आजवर लय लोकायले टोप्या घातल्या. पण सासऱ्याची नीळ दिलेली टोपी काळी केली नव्हती. मी पाया पडलो. उठलो तं माह्या हातालेही काळं लागलं होतं.

लीलाबाई मात्र पुढं आली. "पाहुणे, तुमच्याच जीपचं पाणी हाये ते. तुमच्या त्या स्क्रूपायी माह्या खाटभर कुरड्या गेल्या."

मामाजी ताठ झाले. "बाई, माही जीप धूर मारत नाही. उभं आयुष्य चालवली. एक डाव मले धूर दिसला नाही."

मंग चंदा पदरानं त्यायचं तोंड पुसता पुसता हळूच म्हणाली, "बाबा, तुमी पुढं बसत होते. धूर मांगून निघते. मांगं आई बसत होती, आमाले घेऊन. नाकाले पदर लावून. तुमी लोकायले सांगत होते, आमची मंडळी लय लाजरी हाये."

मंग कूलरच्या खोक्यावर हात ठेवून मामाजी जीपच्या मांगं पाहाले लागले. नवीन गाडी पाहावी तसं. मले वाटते, आपल्या जीपची मांगची बाजू त्यायनं पहिल्यांदाच पाहली.

"जवाईबापू," ते म्हणाले, "काढा हे तिरपागडं. सुरू करा, अन्‌ द्या रेस."

खोका काढला. रेस दिली. काळा लोट निघाला. मामाजी त्यात उभे राह्यले, सरकले नाही. खोकले, डोये पुसले, अन्‌ लोट संपल्यावर पुढं येऊन बॉनेट उघडलं. हात जोडले. एक एक नाडा सोडला. तो ढीग पाहून लीलाबाईनंही हात जोडले. मंग स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यायनं आपल्या हातानं स्क्रू अर्धा फेरा मांगं घेतला. मी तेव्हा खाली पडलेले नाडे उचलत बसलो, वर पाहलं नाही. तेवढी अक्कल हाये आपल्याले.

पुन्हा बडनेरा रोड, पुन्हा सागर. या डाव त्यानं तोंडाले रुमाल बांधूनच नळी खुपसली. मशीन चालू राह्यलं, आकडा आला, गाडी पास. मी नाचणार, तेवढ्यात सागर म्हणाला, "काका, ओटीपी सांगा. गाडीच्या कागदावर जो मोबाइल हाये त्याच्यावर गेला."

कागदावर मोबाइल मामाजीचा. मामाजीचा मोबाइल सदऱ्याच्या खिशात होता, सदरा धुवाले, अन्‌ मोबाइल सुकाले लीलाबाईच्या गव्हाच्या डब्यात. चंदाले फोन केला. चंदानं भिंतीवरून हाक मारली. लीलाबाईनं डब्यात हात घातला, मोबाइल काढला, चालू केला, अन्‌ अंक वाचाच्या आधी चंदाच्या फोनवर मले म्हणाली, "पहिले कबूल कर, शर्त तू हारला. धूर तुह्या सासऱ्यानं बंद केला, तू नाही."

"काकू, शर्त धूर बंद कराची होती, कोणी कराचा हे नव्हतं ठरलं!"

"मंग ओटीपी तुह्या विमा कंपनीले माग."

मामाजीनं माह्या हातातून फोन घेतला. "बाई, शर्तीचं मी पाहतो. अंक सांगा." तिनं लगेच सांगितले. माह्यावर नाही, पण त्या काळ्या धोतरावर तिचा भरोसा बसला होता.

अखजीले निघालो. मी चालवाले, बाजूले चंदा, अन्‌ मामाजी मांगच्या बाकावर, मांगं तोंड करून. म्हणलं, "मामाजी, पुढं या." तं म्हणे, "पुढचं लय पाहलं." मूर्तिजापूर येईपर्यंत आमच्या पुढून ट्रक गेले, एसटी गेली, कांद्यानं भरलेला ट्रॅक्टर गेला. बोरगाव मंजूच्या चढावर एका मोपेडवाल्यानं आमाले मांगं टाकलं, त्याच्या मांगं बायको अन्‌ मांडीवर पिठाचा डबा होता. स्क्रूच्या जुन्या मालकाले हे किती लागलं असन! पण मांगून फक्त एकच आवाज येत राह्यला, "नाही हाये. अजूनही नाही हाये धूर."

अकोल्याले दारात पोचलो तं सासूबाई घाईघाईनं बाहेर आल्या. "बाई बाई, आले बी? मी चहा नाही ठेवला. दरसाल कोपऱ्यावर धूर दिसला की ठेवते."

मामाजी उतरले. पुढचं दार उघडलं अन्‌ सासूबाईले म्हणाले, "बस. मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर मारून येऊ. पुढं बस." सासूबाई बसल्या. सवयीनं पदर नाकाकडं गेला, अन्‌ मंग खाली आला.

मी स्टेअरिंगकडं निघालो, तं मामाजीनं माह्या खांद्यावर हात ठेवून मले बाजूले घेतलं.

"जवाईबापू, त्या परिवहनवाल्या साहेबाचा फोन आला तं सांगजा, स्क्रू फिरवला म्हणून."

"कोणता साहेब, मामाजी?"

"तोच. ज्याच्या हापिसात बाया टोपली मागत येतात." मामाजीच्या मिशीत काहीतरी हललं, अन्‌ या डाव ती वाळ्याची काडी नव्हती. "अखजी झाली की अमरावतीले जाऊन त्या बाईच्या कुरड्या पिळून द्या. समद्या गल्लीसमोर. शासनाच्या निदर्शनास आलं हाये."